चौदावी जागा

१

दिवसभर ती लोकांचे कान तपासायची. जाड गाद्या लावलेली एक छोटी खोली, त्यात एक खुर्ची, खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावर हेडफोन, आणि काचेच्या अलीकडे ती. "आवाज आला की बोट वर करायचं. कितीही बारीक येऊ दे, आला की बोट वर." हे ती दिवसातून पंधरा-वीस वेळा म्हणायची. झोपेतसुद्धा म्हणते, असं तिचा नवरा सांगायचा. काही आजोबा नापास व्हायच्या भीतीने आवाज नसतानाही बोट वर करत. काही आजी आवाज आला तरी हट्टाने बोट खाली ठेवत, कारण सुनेने त्यांना बळेच आणलेलं असे. ती कोणावर चिडायची नाही. कान सहसा खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात आणि तीही बहुतेक भिडेखातर, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

संध्याकाळी सहाला दवाखाना बंद करून घरी आली की चहाचा कप घेऊन ती मागच्या खोलीत जायची. तिथे तिच्या बाबांची पेडल स्टील गिटार होती. गिटार म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं तसं तिच्यात काहीच नाही. इस्त्रीच्या टेबलासारखी आडवी, चार पायांवर उभी. वर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं, गुडघ्यांना लागून खटके. डाव्या हातात स्टीलचा जड, गुळगुळीत बार धरून तो तारांवरून सरकवायचा, उजव्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या आणि उजव्या पायाने आवाज हळूहळू उघडायचा. त्यामुळे स्वर नेमका कधी सुरू झाला ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. हात, पाय, गुडघे, सगळेच कामाला. "यात फक्त नाक मोकळं राहतं," असं बाबा म्हणायचे.

गाण्याच्या दोन ओळींच्या मधे गिटार जे चार-सहा स्वर बोलून जाते, त्याला वाजवणारे लिक म्हणतात. बाबा 'जागा' म्हणायचे. बाबांच्या जागा नावाजलेल्या होत्या. मुलीला त्यांनी वाद्य शिकवलं, हात बसवून दिला, पण स्वतःच्या जागा कधी शिकवल्या नाहीत. "तुझं तू वाजव. माझ्या जागा राहू देत माझ्यापाशी." लहानपणी ती यावर रुसायची, मोठेपणी हसायची. पण आतून ते सलत होतं ते होतंच.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता ते शेजारच्या खोलीत पलंगावर असत. आणि सहा आठवड्यांपूर्वी मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत; बाबा ज्यांच्या गाण्यांना साथ करायचे त्या गायिका. त्यांना एकदा, शेवटचं, लोकांसमोर गायचं होतं. रविवारी दुपारी, छोट्या सभागृहात, त्यांच्या एकुलत्या एका जुन्या कॅसेटवरची नऊही गाणी.

"आणि तुझ्या बापाच्या जागा जशाच्या तशा हव्यात हं," मावशी म्हणाल्या. "माझा आवाज लोक विसरले गं. त्या जागा नाही विसरले."

फोन ठेवायच्या आधीच ती हो म्हणून बसली होती.

२

जागा कुठे लिहिलेल्या नव्हत्या. कानाने उचलायच्या, दुसरा उपाय नव्हता. तिने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. एकेक तुकडा अर्ध्या वेगाने, पुन्हापुन्हा ऐकायचा. बाबांचा नियम तिला पाठ होता. आधी कानात, मग घशात, मग हातात. "घशात नीट बसली की ती तुझी झाली," ते म्हणायचे, "हात काय, मागून येतोच." म्हणून ती आधी गुणगुणायची. चुकायची, परत ऐकायची. घशात बसली की मग बार उचलायचा. पूर्ण जमली की वहीत त्या जागेपुढे बरोबरची खूण. वहीत एकूण चौदा जागा होत्या.

अर्ध्या वेगाने ऐकताना तिला एक गोष्ट सापडली, जी इतकी वर्षं कधी लक्षात आली नव्हती. प्रत्येक जागेच्या आधी बाबा श्वास घ्यायचे. छोटासा, नाकाने घेतलेला. गायक घेतो तसा. कॅसेटवर तो स्पष्ट ऐकू येत होता. ती पहिल्यांदा हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे तिच्याही नकळत ती प्रत्येक जागेआधी तस्साच श्वास घ्यायला लागली.

दुपारी बाबांजवळ तिचा नवरा असायचा. तो बेकरीत पहाटेच्या पाळीला, बारापर्यंत घरी. बाबांना भरवायचा, कूस बदलायचा, त्यांचा हात हातात घेऊन बसायचा आणि शिट्टी वाजवायचा. त्याच्या शिट्टीबद्दल काय सांगावं! लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्याचा एक स्वर म्हणून कधी जागेवर पडला नव्हता. तो शिट्टी वाजवायला लागला की शेजारीण ओरडायची, "किटली उतरवा कोणीतरी!" बाबा बोलते होते तेव्हा जावयाला म्हणायचे, "तुझं एक बरं आहे, तुला कुठलंच गाणं बिघडवता येत नाही. ते गाणं आहे हेच कळत नाही कोणाला." आणि दोघं पोट धरून हसायचे. असं गोड नातं होतं त्यांचं.

तिसऱ्या आठवड्यात, पाच जागांपुढे खुणा झाल्या होत्या तेव्हा, पहिल्या जागेतला एक खटका बरोबर बसतोय ना हे बघायला तिने पहिलं गाणं पुन्हा लावलं. मावशींची ओळ संपली. बाबांचा श्वास आला. मग ड्रम आणि बास चार मात्रा वाजत राहिले आणि मावशींची पुढची ओळ सुरू झाली.

जागा आलीच नाही.

तिने मागे नेऊन लावलं. ओळ, श्वास, ड्रम, बास, ओळ. आवाज मोठा केला. श्वास मोठा झाला.

३

आता कानाच्या बाबतीत तिला कोणी शिकवायला नको. पंख्याचा आवाज सतत येत राहिला की मेंदू तो वगळून टाकतो, घड्याळाची टिकटिक घरच्यांना ऐकू येत नाही, पाहुण्यांना येते. हे ती पेशंटना रोज समजावायची. एकच तुकडा हजार वेळा ऐकल्यावर कान संपावर जाणारच. तिने स्वतःची अशी समजूत घातली, हेडफोन काढले आणि पोळलेल्या जिभेला आराम द्यावा तसा कानांना दोन दिवस आराम दिला.

दोन दिवसांनी पुन्हा ऐकलं. पहिली जागा नव्हती. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, एकही नव्हती. सहावी होती. सातवी होती. पुढच्या सगळ्या होत्या, अगदी लख्ख.

कॉम्प्युटरवर उतरवतानाच काही बिनसलं असेल म्हणून तिने कपाटातून मूळ कॅसेट काढली आणि जुन्या मशीनवर लावली. तिथेही तेच. कॅसेट झिजली, असंही म्हणता आलं असतं. पण झिजणारी फीत गिटारचे स्वर तेवढे वेचून झिजवते आणि त्याआधीचा श्वास मागे ठेवते, हे काही तिच्या गळी उतरेना.

शनिवारच्या तालमीला ती बासवाल्याजवळ गेली. तो बाबांबरोबर पंधरा वर्षं वाजवलेला, साठी उलटलेला, थट्टेखोर माणूस. तिने त्याच्या कानाला हेडफोन लावला.

"काका, इथे ओळ संपल्यावर काय ऐकू येतं?"

त्याने डोळे मिटून ऐकलं. "मी. काय झकास वाजवायचो नाही?"

"आणखी?"

"आणखी ड्रम. आणि कोणीतरी नाक ओढतंय." त्याने डोळे उघडले. "का गं?"

"बाबांची जागा नाही येत तिथे?"

तो तिच्याकडे बघत राहिला, माणूस फार थकलाय हे लक्षात आल्यावर बघतो तसा. "तिथे तू वाजवतेस ना," तो म्हणाला. "परवा वाजवलीस की. मी तर म्हणणार होतो, डोळे मिटले तर बापच बसलाय समोर."

हे ऐकण्यासाठी ती आयुष्यभर थांबली होती. तालमीचे उरलेले दोन तास तिचे हात गार पडले होते.

४

बाबांचा डावा हात अजून हलायचा. डॉक्टर म्हणायचे, सवयीच्या हालचाली आहेत, फार मनावर घेऊ नका. पण तिला ठाऊक होतं तो हात काय करतो ते. पांघरुणावर तो वीतभर वर सरकायचा, थांबायचा, किंचित थरथरायचा, मग अर्धी वीत खाली यायचा. बार धरणारा हात होता तो. दिवसभर तो आपल्या जागा वाजवत पडलेला असे. कुठली कुठली हेही तिला ओळखता यायचं, कारण आता तिच्याही हातात त्याच हालचाली बसत होत्या.

त्या रविवारी ती चहा घेऊन पलंगाशेजारी बसली आणि हात बघत राहिली. पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं, खोलीला औषधांचा आणि ताज्या पावाचा वास होता. हात सरकला. ही नववी. थोड्या वेळाने अकरावी. मग चौदावी, शेवटच्या गाण्यातली, सगळ्यांत अवघड, जिच्यात बार एकदम तळापासून वरपर्यंत जातो आणि तिथे एवढा वेळ थरथरत राहतो की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मग पुन्हा नववी. दहावी.

ती तासभर बसली. पहिल्या आठांतली एकही जागा त्या हाताने केली नाही. तोवर तिच्या वहीत आठ खुणा झाल्या होत्या.

"हल्ली फार निवांत असतात गं," नवरा दारातून म्हणाला. "आधी सारखा हात चालायचा. आता जरा विसावलेत. बरंच आहे."

"जेवले का?"

"चार चमचे. पुरे म्हणून तोंड फिरवलं."

तिच्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो शहाण्या माणसाच्या डोक्यात येण्यासारखा नव्हता. बाबांना ऐकू तरी येतं का ते बघायला तिने दवाखान्यातलं छोटं तपासणी मशीन दुसऱ्या दिवशी घरी आणलं, बाबांच्या डोक्यावर हेडफोन लावले आणि सवयीने म्हणाली, "आवाज आला की बोट वर करायचं, बाबा. कितीही बारीक येऊ दे." तिने बारीक आवाज दिला, मग मोठा, मग आणखी मोठा. बोट वर गेलं नाही. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत थोडी गंमत होती, असं तिला उगाचच वाटलं.

५

शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. नववी आली, दहावी आली. प्रत्येक वेळी ती स्वतःला बजावायची की आज फक्त ऐकायचं, गुणगुणायचं नाही. पण इतकी वर्षं जी दारं बाबांनी लावून घेतली होती ती एकेक करून उघडत होती, आणि उघड्या दारातून डोकावू नकोस असं मनाला सांगणं कठीण असतं. अकरावी आली. बारावी तर तिच्या घशात कधी बसली हे तिला कळलंच नाही. दवाखान्यात काचेमागे बसून ती गुणगुणत होती आणि समोरच्या आजी बोट वर करून बसल्या होत्या.

तेराव्या जागेच्या वेळी तिने मधलं दार उघडं ठेवलं. गिटार अशी फिरवून लावली की वाजवताना पलंगावरचा डावा हात दिसावा. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, उजेड अजून होता. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती गुणगुणली, चुकली, ऐकली, परत गुणगुणली. पांघरुणावर हात तेरावीच करत होता, अगदी तिच्याबरोबर, जणू दोघं शेजारी बसून सराव करताहेत. कितीतरी दिवसांत तिला इतकं सुखाचं वाटलं नव्हतं. एकदा तिला खरंच वाटलं की बाबा शिकवताहेत.

मग तिला ती बरोबर जमली. तिने बार उचलला, श्वास घेतला, आणि जागा तिच्या हातातून अशी निघाली की खोलीभर पसरली.

पलंगावरचा हात मध्येच थांबला. अर्ध्या वाटेवर, थरथर सुरू व्हायच्या आधी. काय करायला निघालो होतो ते विसरल्यावर माणूस दारात उभा राहतो, तसा तो तिथे थांबला. मग हळूहळू खाली टेकला.

तिला भीती वाटली. पण त्याहून वाईट म्हणजे ती जागा तिची झाली याचा आनंद अजून ओसरला नव्हता, आणि ही गोष्ट ती पुढे कधीच कोणाला सांगू शकली नाही.

वहीत तेरावी खूण करताना तिने ठरवलं. चौदावी शिकायची नाही. ऐकायचीही नाही.

६

ठरवणं सोपं होतं. कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते आणि त्या आठ दिवसांत बाबांचा हात फक्त चौदावी करत होता. सकाळी, दुपारी, ती खोलीत आली की तर हटकून. तळापासून वरपर्यंत, आणि वर ती लांबलचक थरथर. ती पलंगाच्या उजव्या बाजूला बसायला लागली म्हणजे डावा हात दिसू नये. बाबा मान वळवून तिच्याकडे बघत राहायचे. त्यांचे डोळे काहीतरी मागत होते. तिला वाटायचं, नको म्हणताहेत. नको घेऊस, एवढी तरी राहू दे, असं.

"नाही घेत, बाबा," ती त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली. "तुमचीच आहे ती. घट्ट धरून ठेवा."

बाबांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. तिने ते पुसलं.

तिने कॉम्प्युटरवरचं शेवटचं गाणं पुसून टाकलं आणि कॅसेट कपाटात वर ठेवून दिली. पूर्वी दोन-चारदा ऐकलेली चौदावी डोक्यात यायला लागली की ती दुसरंच काहीतरी मोठ्याने म्हणायची, पाढे, दुकानांच्या पाट्या, काहीही. नवऱ्याला वाटलं, कार्यक्रमाची धास्ती घेतली. तो तिच्यासाठी बेकरीतून गोड पाव आणायचा आणि तिला हसवायला शिट्टी वाजवायचा. शेवटच्याच गाण्याची वाजवायचा, नेहमीप्रमाणे भलतीकडेच जाणारी. इतक्या ताणातही तिला हसू यायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी निघताना ती दारात अडखळली.

"एक ऐकशील? कॅसेट लावू नकोस. बाबांच्या खोलीत तर अजिबात नको."

"अगं, मला ते मशीन चालवता तरी येतं का? जा तू. आम्ही दोघं मस्त गप्पा मारत बसतो."

"ते कुठे बोलतात?"

"मी बोलतो, ते ऐकतात. अठरा वर्षांत तुझ्याकडून एवढंच तर शिकलोय," तो म्हणाला आणि त्याने गिटारची जड पेटी जिन्यावरून खाली नेऊन दिली.

७

सभागृह दुपारच्या उजेडात न्हालेलं होतं. मागच्या दोन खिडक्यांचे पडदे नीट बसत नव्हते आणि उन्हाचे दोन पट्टे खुर्च्यांवरून सरकत होते. बहुतेक लोक म्हातारे. कितीतरी कानांमागे तिनेच बसवून दिलेली यंत्रं तिला रंगमंचावरून दिसत होती.

मावशी गायल्या. आवाज फाटला होता, पण त्या फाटलेल्या आवाजाला लाजत नव्हत्या. आणि दर ओळीनंतर ती श्वास घ्यायची आणि बाबा वाजायचे. दुसरा शब्द नाही त्याला. पहिल्या जागेला लोकांमधून एक हुंकार आला. सातवीला पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. तिला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. हात आपले आपण चालत होते, गुडघे आपले आपण सरकत होते, आणि मधेमधे तिला वाटायचं की आपण घरच्या खोलीत, त्या पलंगावर पडलोय आणि हे सगळं पांघरुणावर चाललंय.

शेवटचं गाणं आलं. शेवटचं कडवं आलं. ओळ संपली आणि मावशींनी तिच्याकडे वळून हात पुढे केला, चाळीस वर्षांपूर्वी बाबांकडे वळून करायच्या तसा.

तिने श्वास घेतला. आणि दोन्ही हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवले.

चार मात्रा. ड्रम आणि बास. बासवाल्याने मान वर करून बघितलं. सभागृहात एवढी शांतता झाली की पडदा हलल्याचा आवाज आला. त्या शांततेत तिच्या कानात चौदावी दाटून आली होती, नुसती ओठ उघडायची खोटी. तिने दात घट्ट मिटले. मग मावशींनी पुढची ओळ उचलली आणि गाणं संपवलं.

पडद्यामागे मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "का गं?"

"मला ती जमलीच नाही, मावशी."

"अगदी बापासारखं खोटं बोलतेस," मावशी म्हणाल्या. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिचा गाल हाताने थोपटला. "जा. घरी जा आधी."

ती टॅक्सीत बसली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. लोकांचा हिरमोड झाला होता, मावशींचा झाला होता, तिचा स्वतःचा तर झालाच होता. पण एक जागा कोणाकडेच नव्हती, फक्त बाबांकडे होती. त्या एका जागेवर माणूस कितीतरी दिवस काढू शकतो, असं तिने मनाशी पक्कं केलं.

८

दिवेलागणीची वेळ होती. पेटी घेऊन ती जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर ती दम घ्यायला थांबली आणि वरून शिट्टी ऐकू आली.

तिच्या घरातून येत होती. आधी नाकाने घेतलेला छोटासा श्वास. मग तळापासून वर जाणारी ती ओळ, एकही स्वर न डळमळता, आणि वर गेल्यावर ती लांब, जीव टांगणीला लावणारी थरथर.

शेजारीण दार उघडून उभी होती. "हे तुमचे यजमान?" ती म्हणाली. "माझा तर विश्वासच बसेना. किती सुंदर वाजवताहेत!"

तिने पेटी तिथेच टाकली. उरलेल्या पायऱ्या ती कशा चढली ते तिला आठवत नाही. नवरा स्वयंपाकघरात पातेलं घासत होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला.

"ऐकलंस? जमलं मला! आयुष्यात पहिल्यांदा!"

"तू कॅसेट लावलीस?"

"छे गं. बाबांनी शिकवलं." त्याने हात पुसले. "खोटं नाही सांगत. मी त्यांचा हात धरून बसलो होतो, आपली शिट्टी चालली होती. तर त्यांनी बोट दाबलं. मी चुकलो की दाबायचे. वर हवं असेल तर वर ढकलायचे, खाली हवं तर खाली ओढायचे. दुपारभर, अगं! मी म्हटलं बाबा, पुरे, माझ्याच्याने नाही व्हायचं. सोडतच नव्हते. एवढा जोर कुठून आला कोण जाणे. शेवटी एकदाची बरोबर आली, तेव्हा सोडलं." तो हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "किती खूश झाले म्हणून सांगू! तू असायला हवी होतीस."

"किती वाजता?"

"साडेपाचचा सुमार असेल. तेव्हापासून झोपलेत. हात अगदी शांत आहे."

साडेपाचला ती सभागृहात दात मिटून बसली होती.

ती खोलीच्या दारात गेली. दिवा लावला नव्हता, पडद्याआड थोडा उजेड उरला होता. बाबा डोळे मिटून पडले होते. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता. दोन वर्षांत तिने तो चेहरा असा बघितला नव्हता. तेव्हा तिला कळलं की ते डोळे आठ दिवस काय मागत होते, आणि आपण त्यांना काय सांगत बसलो होतो.

डावा हात पांघरुणावर उताणा उघडा पडला होता. तिने त्यावर आपला हात ठेवला. बार सकाळी सकाळी जसा लागतो, तसा तो गार होता. छातीवरचं पांघरूण हलत नव्हतं. ती तशीच बसून राहिली. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. त्याला अजून थोडा वेळ आनंदात राहू द्यावं, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला. नवऱ्याने नाकाने श्वास घेतला आणि पुन्हा तीच शिट्टी वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अचूक.

तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं. तिने हात उचलला.

पांघरुणावर बाबांचं बोट वर झालं होतं. एकच, सरळ, दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेली शहाणी माणसं करतात तसं. शिट्टी संपेपर्यंत ते वर राहिलं, मग खाली आलं.